सुट्टीच्या दिवशी पाहिलेला पूल

अर्थखात्यात तिला कात्रीबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पण तिला ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पैसे कमी पडले की साहेब स्वतः तिच्या टेबलाशी येत. "बाई, कुठे काही वाचतंय का बघा." ती कुठून तरी वाचवून देई.

नदीपलीकडचं अग्निशमन केंद्र बंद करायची कल्पना तिचीच. अलीकडचा बंब पुलावरून वेळेत पोहोचत असेल, तर पलीकडे वेगळी इमारत, वेगळी माणसं कशाला पोसायची? पोहोचतो का, हे पाहायला ती खात्याच्या जीपने गेली, तीही सुट्टीच्या दिवशी. कामाचा दिवस असल्या मोजमापात घालवायचा नाही, ही खात्याची जुनी शिस्त. पूल रिकामा होता. ड्रायव्हर म्हणाला, "आज काय बाई, डोळे मिटून चालवली तरी पोहोचू. बाजाराच्या दिवशी या, मग बघा गंमत!" तीही हसली. केंद्र बंद झालं. मंत्र्यांनी सभागृहात बचतीचा आकडा सांगितला, तेव्हा खात्यात टाळ्या वाजल्या.

पुढे ऐन बाजाराच्या दिवशी पलीकडच्या गादी कारखान्याला आग लागली. बंब पुलावर ट्रक आणि हातगाड्यांत अडकून पडला. कापूस पिंजणारे नवराबायको आतच राहिले.

बंब चालवत होता तिचा धाकटा दीर. हलगर्जीपणाचा ठपका ठेवून सरकारने त्याला घरी बसवलं.

"पुढे ट्रक, मागे ट्रक. बंबाला काय पंख लावू, वहिनी?" तिच्या स्वयंपाकघरात बसून तो म्हणाला. दाढी वाढली होती. "तुमचा तिथे शब्द चालतो. एवढं सांगा ना कुणाला तरी."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. "साहेब, तो रस्ता मी सुट्टीच्या दिवशी पाहिला होता."

साहेबांनी उठून दार लोटलं. "हे बाहेर गेलं, तर बंद केलेली सगळीच केंद्रं उघडावी लागतील. पैसा काय आभाळातून पडणार? दिराची काळजी आहे ना? त्याला चूक कबूल करू द्या. समज देऊन परत घेऊ."

नाही म्हणता आलं असतं. ती "बरं" म्हणाली.

दिराच्या घरी जाताना तिने बोलायची वाक्यं जुळवली. नको ते शब्द एकेक करून गाळले.

तिचं बोलणं ऐकून दिराने मान वर केली. "कबूल करू म्हणजे काय करू? तिकडे जायला दुसरा रस्ताच नाही. तुम्हाला तरी वाटतं का वहिनी, माझं चुकलं असं?"

जाऊ दारात उभी होती. तिनेही कान टवकारले.

"नोकरी राहील, भाऊजी," ती म्हणाली. "मुलांकडे बघा."

त्याने हळूहळू मान डोलावली. "तुम्ही होतात म्हणून. नाहीतर आमच्यासारख्याला कोण विचारतं?"

जावेने पुढे येऊन तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "तुमचे उपकार कसे फेडायचे, ताई?"

तिला मान वर करता येईना. दोघांना वाटलं, कौतुकाने संकोचली आहे.