फिलूच्या अळ्या

फिलू गेल्याचं तिच्या नवऱ्याने, आंतोनभाऊंनी, सकाळी दार वाजवून सांगितलं. "झोपेतच गेली," एवढंच म्हणाले. मी सोसायटीची सेक्रेटरी, म्हणून ग्रुपवर मेसेज टाकायचं काम माझ्याकडेच आलं. 'हसतमुख, पर्यावरणप्रेमी' असं काहीबाही लिहून पाठवलं. लोकांनी भराभर हात जोडले आणि मला स्वतःची अशी शिसारी आली म्हणून सांगू... याच फिलूशी मी तीन वर्षं खोटं वागले होते. उद्या सांगू, उद्या सांगू करत राहिले. आता सांगणार कुणाला?

फिलोमिना मूळची गोराईची, शेतीवाडीत वाढलेली. लग्न होऊन बोरिवलीला आमच्या समोरच्या दारात आली. शाळेतून रिटायर झाल्यावर एक दिवस म्हणाली, "सुनंदा, मी माश्या पाळणारेय." मी कपाळावर हात मारला. "अगं, लोक माश्या मारतात!" "त्या घरातल्या गं. ही काळी माशी वेगळी. मोठी झाली की ती काही खातच नाही, मग अन्नावर बसेल कशाला?" गच्चीच्या कोपऱ्यात तिने मच्छरदाणीचा पिंजरा केला माश्यांसाठी, आणि शेजारी निळ्या क्रेटमध्ये त्यांच्या अळ्या. बिल्डिंगचा ओला कचरा टाकला की वळवळत फस्त करायच्या आणि तळाशी काळंभोर, भुसभुशीत खत उरायचं. माझ्या कढीपत्त्याला मूठभर घातलं तर मेला असा फोफावला की शेजारणी मागायला यायच्या. क्रेटला कान लावला की चरचर ऐकू यायची, ती मला जबरदस्तीने ऐकवायची. "जेवतायत बघ कशा!" म्हणायची, पंगतीत वाढणाऱ्या बाईसारखी खूश होऊन.

मग माझ्या लेकीचं लग्न ठरलं. हळद गच्चीवर करायची होती. सासरची माणसं जरा टापटिपीची, त्यांना अळ्या दिसल्या तर आपली काय शोभा, हाच किडा माझ्या डोक्यात वळवळत होता. फिलू आपणहून म्हणाली, "मी क्रेट टाकीमागे सरकवते, वर चादर घालते. एक अळी दिसणार नाही, बघ." मी हो म्हटलं. केळवणाचा टोपभर भात उरला होता, तोही तिला अळ्यांसाठी दिला. तो टाकून, क्रेट झाकून ती भाचीच्या लग्नाला गोराईला गेली. दुसऱ्या दिवशी झुरळांचं औषध मारायला पेस्ट कंट्रोलवाला आला. गच्चीची चावी माझ्याकडेच. मी त्याला टाकीमागे नेलं, चादर स्वतःच्या हाताने उचलली आणि म्हटलं, "इथे पण मार." बिनवासाचं औषध होतं. विसरून नाही, चुकून नाही... समजून-उमजून मारायला लावलं.

हळद झकास झाली. फिलू परत आली, वर गेली आणि बराच वेळ खाली आलीच नाही. आली ती थेट माझ्या दारात. डोळे लाल. आता ही भांडणार, म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तर म्हणते कशी, "सुनंदा, सॉरी गं. सगळ्या मेल्या. तो भात मी एकदम ओतला ना, आत आंबून तापला असणार. वास सुटला असेल, तुझ्या पाहुण्यांना त्रास झाला का?" तोंडाशी आलं होतं हो माझ्या! पण घरात जावई बसलेला, विहीणबाई बसलेल्या... मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "असू दे गं, होतं असं." म्हणजे बघा, मारल्या मी आणि माफ केलं तिला.

तिने पुन्हा नव्याने सुरू केलं, गोराईच्या बायकांनाही शिकवलं. पण दर वेळी आधी स्वतःची चूक सांगायची, "माझ्या हातून एकदा सगळ्या गेल्या, भाताला जपा." मी शेजारी बसून ऐकायचे. एकदाही तोंड उघडलं नाही मी.

फिलूच्या महिन्याच्या मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, मात्र राहवेना. आंतोनभाऊंकडे गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. म्हटलं शिव्या घालतील, हाकलून देतील. ते म्हणाले, "तेव्हापासून ती घरात भात मोजून लावायची. उरायलाच नको, म्हणायची. मला दुसऱ्यांदा वाढून घ्यायची सवय... तीन वर्षं मी अर्धपोटी उठलो असेन कितीदा. तिला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

मला रडू फुटलं. ते उठले, स्वयंपाकघरात गेले. तांदळाच्या डब्यातून एक वाटी काढली, थांबले, माझ्याकडे वळून पाहिलं आणि अजून एक वाटी काढली. "बसा, जेवूनच जा," म्हणाले. रागाने की मायेने, मला अजून कळलेलं नाही. ताट पुढे आलं. मी जेवले, आणि त्यातलं एक शीतही मागे ठेवायची माझी हिंमत झाली नाही.