नाव त्यांचं, मरण आमचं

"ह्याला इथे मरू देऊ नका. हलवा."

मोठा डॉक्टर माझ्या बापाकडे बघून हे बोलला. बाप शुद्धीत होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडे बघितलं नि डोळे मिटून घेतले.

आम्ही घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायचो. बाप आधी गिरणीत. संपात गिरणी गेली, मग कांजूरमार्गला हमाली. तिथंच छातीत कळ आली. म्युनिसिपालटीचं हॉस्पिटल जवळ होतं. पण वस्तीत सगळे म्हणायचे, तिथं गेलेला आडवाच परत येतो. नि स्टेशनाजवळच्या बड्या हॉस्पिटलात कुणी दगावत नाही. बापानं माझा हात धरला. "पोरी, मला मरायला तिकडं नेऊ नको."

म्हणून बड्या हॉस्पिटलात नेलं. संगमरवरी पायऱ्या, आत देवाची मूर्ती. टेबलामागच्या बाईनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिनं मान वर केली. "राहता कुठे?" तेही सांगितलं. वॉर्डात खाटा रिकाम्या होत्या, मला दिसत होत्या. बापाला जिन्याखाली टाकलं. नाकात नळी लावली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा श्वास तुटायला लागला. तेव्हा आला मोठा डॉक्टर.

मी पाय धरले. "साहेब, इथंच करा काहीतरी."

त्यानं पाय झटकला. "अंगाला हात लावू नकोस. इथे काही झालं तर नाव आमचं जातं. तुमच्यासाठी म्युनिसिपालटीचं आहे ना?"

नळी काढून घेतली. स्ट्रेचर मागच्या दारानं काढलं. पुढं चांगल्या घरची माणसं बसली होती, त्यांना दिसायला नको. मी रस्त्यात उभी राहून टॅक्सी थांबवली. बापाचं डोकं मांडीवर घेतलं. तो पुटपुटत होता, "तिकडं नको गं." टॅक्सी म्युनिसिपालटीकडंच वळली.

म्युनिसिपालटीत एक तरुण डॉक्टर धावत आला. यानं आडनाव नाही विचारलं. बापाच्या छातीवर दाब देत राहिला, घामाघूम होईपर्यंत. मग थांबला. "कुठून आणलंत?" मी बड्या हॉस्पिटलाचं नाव सांगितलं. तो भिंतीला टेकला. "संपत आलं की इकडे पाठवतात."

तेव्हा मला कळलं. तिथं कुणी दगावत का नाही, ते.

बापाला घरी आणलं. शेजारची मावशी छाती बडवत म्हणाली, "तरी सांगत होते, म्युनिसिपालटीत नको! खाल्लं ना माणसाला?" सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी उठले. "त्यांनी नाही खाल्लं. बड्या हॉस्पिटलानं मरायला टेकलेला माणूस बाहेर टाकला."

चुलता ओरडला, "गप बस! मोठी माणसं ती. उद्या आपल्यालाच गरज लागेल."

मी गप्प बसले नाही. पण ऐकलं कुणी? पुढच्याच महिन्यात मावशीनं स्वतःच्या सुनेला बड्या हॉस्पिटलातच नेलं.

आता वस्तीत कुणी आजारी पडलं की मी त्यांच्या दारात जाते. जिना, नळी, मागचं दार, सगळं सांगते. लोक म्हणतात, बापाच्या दुःखात डोकं फिरलंय हिचं. दार लावून घेतात. लावू देत. मी बाहेरून सांगेन. ओरडून सांगेन.