मामीकडे सांभाळायला ठेवलेल्या बॅटऱ्या

शिरूर कासारच्या माझ्या मामेबहिणीचं, अश्विनीचं लग्न ठरलं आणि तिला दिंद्रुडला, नवऱ्याच्या गावी, माझ्या गाडीतून न्यायचं ठरलं. म्हणजे ठरवलं मीच. नवी ऑटोमॅटिक गाडी आजोळी मिरवायची हौस होती, दुसरं काय.

पुण्याहून पहाटे निघालात तर अहिल्यानगर, पाथर्डी करत जेवणाच्या वेळेला शिरूरला पोचता. टाकी वाटेतच भरून घ्या आणि चहाला फार रेंगाळू नका, कारण मामीच्या हातची गरम भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा समोर आला की आधी काय खाल्लं याचा पश्चात्ताप होतो. मला झाला.

गल्लीतली निम्मी घरं बंद होती. दिवाळी झाली की इथली माणसं ऊसतोडीला निघतात. जाताना शेळ्या मागे राहणाऱ्याच्या हवाली करतात, हे मला ठाऊक होतं. पण मामीच्या ओसरीवर शेळ्यांच्या शेजारी, लाकडी फळीवर, चार बॅटऱ्या ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येकीवर खडूनं मालकाचं नाव.

"मामी, दुकान टाकलंय का?"

"दुकान कशाचं? गाडी सहा महिने उभी ऱ्हाती, बॅटरी तशीच आत ठिवली की उतरती. मंग लोक काढून देतेत माझ्याकडं."

महिन्यातून एकदा मामी प्रत्येक बॅटरी चार्जरला लावते, टोकं पुसून त्यांना व्हॅसलीन फासते, झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर बघते. काढताना आधी मायनसची वायर, लावताना ती शेवटी, हेही तिनं मला बजावलं. मी ऐटीत म्हटलं, "माझ्या बॅटरीला असलं काही लागत नाही. मेंटेनन्स फ्री आहे."

"आसं?" एवढंच म्हणून ती शेळ्यांकडे वळली.

संध्याकाळी हळद लागली आणि लाईट गेली. कुणीतरी म्हणालं, ताईच्या गाडीत मोबाईल लावा. मी चारही दारं उघडून दिली. इंजिन बंद, नुसतं बॅटरीचं बटण चालू, गाणी मोठ्यानं, आतले दिवे लख्ख. अख्ख्या हळदीचे मोबाईल माझ्या गाडीनं चार्ज केले, आणि मी करवली म्हणून वर फोटोही काढून घेतले.

सकाळी वऱ्हाडाचा टेम्पो पुढे गेला. मागे राहिलो नवरी, मामी आणि मी. दिंद्रुड बीड, वडवणी, तेलगावमार्गे अडीच तास तरी धरा, आणि मुहूर्त दुपारचा. मी बटण दाबलं. गाडी नुसती टकटक करून गप्प झाली. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानंही सुरू होत नाही. अश्विनीचे डोळे भरले.

मी फळीवरच्या एका बॅटरीकडे हात नेला. मामी आडवी आली. "न्हाई. ती भागवतची अमानत हाय. शेळी सांभाळायला दिली म्हून कापून खायची व्हय?"

"अगं, तुझ्या पोरीचं लग्न आहे."

"म्हून तर. आज हात लावला तर उद्या कोन ठिवील माझ्याकडं?"

शेवटी अश्विनीनंच भागवतला फोन लावला. हा शेजारचा जीपवाला, तेव्हा सांगलीकडं उसाच्या फडात. लग्नाला येता आलं नाही म्हणून आधीच हिरमुसलेला. सगळं ऐकून तो मामीला म्हणाला, "काकू, लावा की. कावून इचारता? फकस्त चालू करताना फोन तिथं धरा. माझी बॅटरी जिती हाय का बघू तर."

मामीनं भागवतची बॅटरी आणि तिच्यासोबत ठेवलेल्या त्याच्याच जाड केबल आणल्या. लाल वायर लालला, काळी इंजिनच्या उघड्या लोखंडाला. मामीनं फोन बॉनेटपाशी धरला. मी बटण दाबलं आणि गाडी एका दमात सुरू झाली. फोनमधून फडातल्या माणसांचा एकच गलका आला. मग भागवतचा आवाज: "अश्विने, जा आता. उशीर करू नको."

नवरी तिथंच रडली. पाठवणीच्या वेळी मात्र तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता, यावरून सासरी तिची अजून चेष्टा होते. मुहूर्त आम्ही गाठला, अक्षता हातात यायला आणि आम्ही मांडवात शिरायला एकच गाठ पडली. मी वाटेत गाडी एकदाही बंद केली नाही. जेवणात आमच्याकडची झणझणीत शिपी आमटी होती की साधं वरण, विचारू नका, मला काहीही आठवत नाही.

पुण्यात परतल्यावर मी दर रविवारी गाडी लांब फिरवून आणते, जम्पर केबल डिकीत ठेवते आणि इंजिन बंद असताना कुणालाही चार्जिंग करू देत नाही. घरचे वैतागलेत. लग्नाच्या अल्बमपेक्षा मला त्या फोनमधला गलकाच जास्त आठवतो.

उन्हाळा लागला तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. हॅलो नाही, काही नाही. नुसती चावी फिरल्याचा आवाज, आणि लगेच जीपची घरघर.

मग भागवत म्हणाला, "ताई, घरी आलो. तुमीबी ऐका की."