एका घरातल्या दोन पुड्या

नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरले. हे एक मात्र विसरता येत नाही. नातवंडांनो, तुम्ही फोनवर विचारता, "आजी, खुनाचा तपास कसा करतात?" हा त्यातलाच, पण खून नसलेला.

कोल्हापूरजवळच्या एका पोलीस ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. साखर कारखान्यातला एक फिटर मित्राच्या शेतावर जेवायला गेला, एक ग्लास दारू प्यायला, आणि तासाभरात लालबुंद होऊन, उलट्या करत दवाखान्यात पोचला आणि तिथंच मेला. वयाच्या अडतिसाव्या वर्षी. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. डॉक्टरांना शंका आल्यामुळे व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेत पाठवला.

दुसऱ्या दिवशी शेजारीण ठाण्यात आली. "मॅडम, त्याची बायको च्यात पांढरं कायतरी टाकायची. मी बघितलंय की." मागोमाग मयताचा भाऊ आला. "हिनंच मारलंय. रडतीया बघा कशी नाटकी! आत घ्या तिला."

आमचे हवालदार शांतपणे म्हणाले, "पावणं, तक्रार दिलीसा न्हवं? आता भाईर बसा."

चौकशीत आरडाओरडा केला की माणूस मिटतो. मी बायकोला पाणी दिलं आणि जवळ बसवलं. पाणी पिऊन ती म्हणाली, "टाकत हुते. दारू सुटायचं औषध. बाजारातल्या वैद्यानं दिलं. म्हणाला, पिणाऱ्याला कळू द्यायचं न्हाय, न्हायतर गुण येत न्हाय."

आमच्या भागात हा समज घरोघरी आहे. पिणाऱ्याला न सांगता त्याची दारू सोडवायची. त्या पुडीवर दारू पोटात गेली तर जीव जाऊ शकतो, हे ना वैद्य सांगतो, ना कुणी विचारतं.

पंच घेऊन घराची झडती घेतली. चहाच्या डब्यामागं पुडी सापडली. दुसरी तशीच पुडी देव्हाऱ्यात, कुंकवाच्या करंड्याखाली. बायको म्हणाली, "ही माझी न्हाय." भाऊ ओरडला, "खोटारडी!"

दारात उभी असलेली मयताची म्हातारी आई पुढं आली. "ती माझी हाय, बाई. मी ताकात घालत हुते. लेकाची दारू सुटावी म्हणून. मराय न्हवं."

सून चहात, सासू ताकात. वैद्य एकच. दोघींना एकमेकींचं ठाऊक नव्हतं.

खरा धक्का कारखान्यातल्या त्याच्या कपाटात होता. एक वही. तो दोन महिने दर गुरुवारी शहरात समुपदेशकाकडे जात होता. घरी सांगितलं नव्हतं. लोक वेडा म्हणतील, ही भीती. तलफ कधी आली, तेव्हा काय केलं, हे लिहायचा. "सुट्टी झाली, दोस्तांनी हाक मारली. पाटापर्यंत चालत गेलो. तलफ गेली." शेवटच्या पानावर: "रविवारी आईला आणि हिला घेऊन या म्हणालेत. सांगायचं कसं?"

तो शुक्रवारी गेला.

समुपदेशक मला म्हणाले, "घसरणार, हे आम्ही धरूनच चालतो. घसरला तर पुढच्या भेटीत बोललो असतो." ती एक ग्लास दारू त्या वहीतली एक ओळ ठरायला हवी होती.

वैद्यावर गुन्हा दाखल झाला. दोघींवरही निष्काळजीपणाचा गुन्हा लावावा लागला. कायद्याला हेतू चांगला असून भागत नाही. त्या प्रकरणापासून व्यसनाचं कोणतंही प्रकरण आलं की मी आधी एकच विचारत असे: घरात हे कुणाकुणाला माहीत आहे? उपचाराला माणूस राजी हवा, आणि घर उघडं हवं. एका घरातली तीन माणसं एकाच दुखण्याशी लढत होती, तिघंही लपून.

प्रयोगशाळेचा अहवाल आला तेव्हा सासू-सून दोघी समोर होत्या. व्हिसेऱ्यात ते औषध सापडलं होतं. सुनेनं विचारलं, "मॅडम, कुणाच्या पुडीनं गेला? माझ्या का आत्यांच्या?"

मी अहवाल पुन्हा वाचला. त्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं. म्हातारी खाली मान घालून म्हणाली, "माझ्याच म्हणा, बाई. पोरीला जगायचं हाय."