पान सत्तेचाळीस

पृथ्वी गोल आहे, हेसुद्धा आमच्या ग्रंथालयाच्या संदर्भ विभागातल्या काकांनी सहजासहजी मानलं नसतं. कोण म्हणतं, कधी म्हटलं, कुठल्या पानावर, हे आधी विचारलं असतं. प्रबंध लिहिणारे आम्ही सगळे त्यांना मागून मूळव्याध म्हणायचो. कारण कुठलाही संदर्भ पुढे केला, की चष्म्यावरून बघत ते एवढंच विचारायचे, "मूळ पाहिलं?"

प्रबंधाचं पहिलं प्रकरण म्हणजे पूर्वसंशोधनाचा आढावा. आपल्या विषयावर आजवर कुणी काय शोधलं, ते वाचून मांडायचं. आमच्याकडे हे प्रकरण काकांच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. एका संदर्भाला एक कार्ड. मूळ पुस्तक तुमच्या हातात दिसलं, की काका कार्डाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण करत. खूण नसलेलं कार्ड माझ्या मार्गदर्शक मॅडम हातात घेत नसत.

मी नर्सिंग शिकवते. माझा विषय होता कापड गिरणीतल्या कामगारांचे कान. विषय घरातूनच आला. आईनं मागावर एकोणीस वर्षं काढली. आता आमच्या दाराची बेल वाजली की शेजाऱ्यांना कळतं, तिला कळत नाही. माझं सगळं प्रकरण एका वाक्यावर उभं होतं : मागावर दहा वर्षं काढलेल्या दर तिघांपैकी एकाचं ऐकणं जवळजवळ निश्चितपणे कमी होतं. आधार, गिरणीच्या डॉक्टरांचा जुना अहवाल, पान सत्तेचाळीस. महिनाअखेरीला प्रकरण दिलं नाही, तर माझी नोंदणी रद्द होणार होती. सहा वर्षांवर पाणी.

अहवाल मागितला, तर काका म्हणाले, "बांधणीला गेलाय."

एरवी हा माणूस कुठलंही पुस्तक पाच मिनिटांत आणून समोर ठेवायचा. पुढच्या आठवड्यात विचारलं, तर पुन्हा "बांधणीला." तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा बोलताना त्यांचा हात टेबलाच्या खालच्या खणावर होता. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

बांधणीची खोली इमारतीच्या मागे होती. बाइंडर खळीनं भरलेले हात पुसत म्हणाला, "अहवाल? वर्षभरात काकांनी माझ्याकडे एक कागद पाठवला नाही. मी चिकटवलेली पानं ते परत मोजतात. भांडण झालंय आमचं."

मी आईला सांगितलं, म्हणजे तिच्या कानाशी ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "लपवतोय तो. दुसऱ्या कुणाला तरी द्यायचा असेल." मलाही तसंच वाटायला लागलं. हजेरीच्या वहीत कोण येतं, कोण जातं ते मी वाचायला लागले. मॅडम काकांशी दोन शब्द बोलल्या, तरी मला वाटे, माझ्याबद्दलच बोलतायत. संशय घेण्यात मी काकांच्याही वर ताण केली होती.

अहवाल मिळत नाही म्हटल्यावर, तो वापरणारे प्रबंधच मी एकेक करून काढले. अकरा निघाले. अकराही जणांनी पान सत्तेचाळीसच दिलं होतं. वाक्यही तेच, अगदी 'जवळजवळ निश्चितपणे' या शब्दांसकट. अकरा माणसं स्वतः वाचून लिहितील, तर एखादा तरी शब्द इकडचा तिकडे होईल की नाही? कुणीतरी पहिल्यानं लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी खुशाल उचललं होतं. तो पहिला कोण, म्हणून मी मागे मागे गेले. तळाच्या फळीवर एकतीस वर्षांपूर्वीचा बारावा प्रबंध सापडला. तेच वाक्य, तेच पान. पहिल्या पानावरचं नाव मी दोनदा वाचलं. ते नाव मी रोज काकांच्या टेबलावरच्या पाटीवर वाचत होते.

मला इतका राग आला, की वाचनकक्षात आहोत याचंही भान राहिलं नाही. प्रबंध त्यांच्या टेबलावर आपटला.

"काका, मूळ पाहिलं?"

त्यांनी आधी 'शांतता राखा' या पाटीकडे बोट दाखवलं. मग खालचा खण उघडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला अहवाल काढून माझ्यापुढे ठेवला. मी सत्तेचाळिसावं पान उघडलं. तिथे मागांना कुठलं तेल घालायचं, त्याची यादी होती.

"चौऱ्याहत्तर काढ," काका म्हणाले. "आकडेसुद्धा उलटे लिहिले मी."

चौऱ्याहत्तराव्या पानावर तक्ता होता. एक तृतीयांश खरंच होतं. पण वर लिहिलं होतं, कानाची तक्रार घेऊन आलेल्यांपैकी. सगळ्या कामगारांपैकी नव्हे. माझ्या प्रकरणाचा पायाच गेला.

"मित्राच्या टिपणांवरून उतरवलं होतं," काका म्हणाले. "मुदत संपत आली होती. मूळ पाहिलंच नाही. चार वर्षांनी इथे नोकरीला लागलो आणि हा हातात आला. तेव्हापासून प्रत्येकाला विचारतो."

"आणि ह्या अकरा जणांना? त्यांच्या कार्डांवर तुमचीच खूण असणार."

"एकानंही अहवाल मागितला नाही. कार्ड पुढे केलं, मी खूण केली. माझं बिंग फुटलं नाही, बरं झालं, असं वाटायचं." त्यांनी अहवाल मिटला. "तू मागितलास. सारखं सारखं मागितलास."

त्यांनी एक कोरं कार्ड ओढलं, त्यावर स्वतःचं नाव, प्रबंधाचं साल लिहिलं आणि खाली लिहिलं : चूक इथून सुरू. कोपऱ्यात खूण करून कार्ड माझ्याकडे सरकवलं. "हे प्रकरणात घाल. नाव गाळू नकोस." मला त्यांची कीवही आली आणि रागही गेला नाही. महिनाअखेरीला नऊ दिवस होते.

घरी आईला सगळं सांगितलं. तिला अहवालाचं काही नव्हतं, भलत्याच गोष्टीचं हसू आलं. "तक्रार? कान दुखतो म्हटलं की मागावरून काढून झाडू हातात द्यायचे. मी कशाला मरायला डॉक्टरकडे जाते? कुणीच जायचं नाही."

तक्त्यात फक्त डॉक्टरांकडे गेलेले होते. जे गेलेच नाहीत, ते ना डॉक्टरांच्या तक्त्यात होते, ना काकांच्या प्रबंधात, ना पुढच्या अकरांत. बारा जणांनी आढावा घेतला आणि त्या माणसांना विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी ग्रंथालय उघडायच्या वेळेला मी काकांसमोर होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्म्यावरून बघितलं.

"कोण म्हणतं?"

"माझी आई."

"तुझी आई म्हणते, असं तू म्हणतेस. मूळ आण."

दुपारी मी आईला घेऊन गेले. काकांनी तिला स्वतःच्या खुर्चीत बसवलं, स्वतः स्टुलावर बसले आणि वाचनकक्षात बोलतात तशा आवाजात काहीतरी विचारलं. आई माझ्याकडे बघायला लागली. त्यांनी पुन्हा विचारलं. तिला काही ऐकू गेलं नाही. काकांनी एकदा पाटीकडे पाहिलं. मग आईच्या कानाशी वाकले आणि आयुष्यभर आम्हाला खाकरूसुद्धा न देणारा तो माणूस घसा ताणून ओरडला, "तुम्ही डॉक्टरांकडे तक्रार का केली नाही?"

सगळ्या माना वर झाल्या.

"मला कधी कुणी विचारलंच नाही," आई तितक्याच मोठ्यानं म्हणाली.

काकांनी ते शब्दशः कार्डावर लिहून घेतलं. कार्डाच्या कोपऱ्यात खूण केली, मग त्या खुणेवर पेन्सिल आणखी एकदा फिरवली. नवं कार्ड पुढे ओढलं आणि पुन्हा ओरडले, "तुमच्या शेजारच्या मागावर कोण होतं?"

आई बोटांवर मोजायला लागली.