बैल काही वळेना

आमच्या नाते गावच्या भजनी मंडळात भजन कमी आणि विशाचे किस्से जास्त होतात. विशा म्हणजे ज्याच्या बंदिशी आज पुण्या-मुंबईचे गवई गातात, तो पंडित. आमच्यासाठी विशाच! माणूस मोठा झाला की गावात त्याचे बालमित्र वाढतात, आणि बालमित्र वाढले की किस्से वाढतात. मी त्याचा पहिला तबलजी, तेव्हा माझंच ऐका. बाकीचे थापा मारतात!

*

विशाच्या वडिलांनी, धोंडूतात्यांनी, एकदा त्याच्या हातात नांगर दिला. काम एवढंच, की बांध आला की हाक मारून पवळ्या बैलाला वळवायचं. विशाने हाक मारली, "वळ रेऽऽऽ", आणि त्यात घेतली की हो हरकत! मग मुरकी, मग तान! पवळ्या कान टवकारून जागच्या जागी उभा. आम्ही बांधावर हसून लोटपोट.

तात्या भडकले. "ज्याच्या हाकेला बैल वळत नाय, तो माणसं काय वळवणार!"

आम्ही ते विसरलो. विशा नाही विसरला.

*

शाळेत हजेरीला सगळे "हजर" म्हणत. विशा "हऽऽजर" म्हणे, वर जाऊन खाली उतरे. गुरुजी पेन धरून वाट बघत बसायचे. शेवटी म्हणाले, "बाळा, तू गैरहजर असलास की वर्ग लवकर सुरू होतो!"

*

एका गणपतीत या पठ्ठ्याने आरतीची चालच बदलली. मी तबल्यावर चाचपडतोय, बाया टाळ्या कुठे द्यायच्या म्हणून एकमेकींकडे बघतायत! शेवटी त्याची आय ओरडली, "अरे मेल्या, देवाला तरी वळखू येईल असं म्हण!"

*

लग्नाचा किस्सा तर कळसच. पोलादपूरकडचे पाहुणे आलेले.

"मुलगा काय करतो?"

आय म्हणाली, "बंदिशी बांधतो."

पाहुण्यांना वाटलं, मुंबईत बिल्डर हाय. खुश झाले. "किती मजली?"

विशा शांतपणे म्हणाला, "दोन. आधी विलंबित, मग द्रुत."

पाहुण्यांचा चेहरा पडला. "विलंबित? म्हंजे पझेशनला उशीर होणार!"

तरी पोरगी दिली बरं का. वहिनी अजून विचारतात, "पझेशन कधी?"

*

यंदा महाडला विशाचा सत्कार आणि त्याचं गाणं ठरलं, तबल्याला मीच. तात्या आजवर त्याच्या एकाही मैफलीला गेले नव्हते. कधी भातलावणीची कामं, कधी गुडघा. विशा मला फोनवर म्हणाला, "सगळे वाहवा करतात रे. मला तात्यांची एक हवी हाय." एवढा मोठा पंडित, पण आवाज पार रडवेला! मलाच भरून आलं.

मग काय, "गुडघा दाखवून येऊ" म्हणून मी तात्यांना रिक्षात घातलं आणि थेट हॉलच्या दारात उतरवलं.

"डॉक्टर कुठं हाय?"

"स्टेजवर बसलाय. तुम्ही पुढच्या रांगेत बसा!"

विशाने नवी बंदिश काढली. मी एका डोळ्याने तबल्याकडे, एका डोळ्याने तात्यांकडे. तात्यांचे डोळे मिटलेले. म्हटलं, झोपले! मेलो आता!

बंदिश संपली. टाळ्यांनी हॉल दणाणला. निवेदिका बाई हौसेने माइक घेऊन तात्यांकडे धावली. "तात्या, कसं वाटलं मुलाचं गाणं?"

विशाने तानपुरा घट्ट धरलेला, जणू पोरगा पुन्हा नांगराशीच उभा आहे.

तात्यांनी डोळे पुसले, माइकवर टिचकी मारून बघितली आणि खाकरून म्हणाले,

"आज पवळ्या वळला असता."