हाडातले दाणे आणि चुन्याचं रान

बाळांनो, गुडघ्याखालचं हाड मोडलं तेव्हा मी रडले नाही. रडले ती ते बरं होताना. मोडलेल्या जागी खळगा पडला होता. तो डॉक्टरांनी सिरॅमिकच्या पांढऱ्या, स्पंजासारख्या सच्छिद्र दाण्यांनी भरला. "हे हळूहळू विरघळतील आणि त्यांच्या जागी तुमचं स्वतःचं हाड येईल," असं त्यांनी सांगितलं. दाण्यांबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपत्रक मी खुणा करून वाचलं, पटलंही. पण पुढच्या एक्स-रेत त्या दाण्यांचा पांढरा डाग खरंच फिका दिसला आणि माझा विश्वास डळमळला. जुनं गेलेलं मला दिसत होतं. नवं आलेलं फक्त डॉक्टरांना.

"आता काठी सोडा. पायावर भार पडू द्या, नाहीतर गुडघा आखडेल," ते म्हणाले. मी सोडली नाही. गुडघा आखडू लागला.

"आई, गवंडी एकेक जुनी वीट काढून नवी बसवतो ना, तसं चाललंय आत," तुमची काकू समजवायची.

"गवंडी दिसल्याशिवाय मी त्या भिंतीला टेकणार नाही," मी म्हणायचे.

चैत्री पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी काकूनं मला येरमाळ्याला नेलं. येडेश्वरी देवीची पालखी त्या दिवशी चुन्याच्या रानात येते आणि भाविक चुनखडीचे खडे वेचून तिला वाहतात. मला वाकता येईना. काठीनं एक खडा कसाबसा उकरत मनात म्हटलं, आई, माझ्यातलेच खडे संपत चाललेत, तुला कुठून देऊ?

शेजारी उमरग्याकडची एक बाई वेचत होती. "आज्जी, काठी द्या हिकडं, म्या उकरते." तिनं खडा काढून माझ्या हातावर ठेवला, तेवढ्यात पालखी आली. "आई राजा उदो उदो!" गर्जना उठली आणि बाई माझ्या काठीसकट पालखीकडं पळाली.

"अहो बाई! काठी माझी!" मी ओरडत मागं निघाले. ढेकळं तुडवत, लोकांना कोपरानं सारत तिला पालखीजवळ गाठलं.

"तुमची व्हय?" ती ओशाळली. "ध्यानातच न्हाय राहिलं बघा. पण आज्जी, तुम्ही तर लई झपाझप यायलाव! काठी कशाला लागती तुम्हाला?"

मागून काकू धापा टाकत आली. "आई, तुमच्या मागं पळून माझेच गुडघे गेले!"

तेव्हा कुठं मी खाली पाहिलं. दोन्ही पाय मातीत, हातात फक्त खडा. गुडघा ठणकत होता, पण धरून होता. मग मात्र पुढचं पाऊल टाकायला मी बिचकले, तशी त्या बाईनंच मला दंडाला धरलं.

याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. पेशी दाणे कुरतडून तिथं हाड रचत होत्या, मी कुरकुरत असतानाही, मला न विचारता. माझ्या हातून काठी तेवढी सुटत नव्हती. ती जिनं सोडवली, तिला मी नमस्कार केला. खडा पालखीपुढं ठेवून म्हटलं, "आई, आतले उरलेले दाणे कधी न्यायचे ते तूच बघ. मी आता मोजत बसणार नाही."

काकू म्हणते, एक्स-रे तरी काढावाच लागेल.

काढू की. उभ्यानं.